कार्डे कुठे ठेवायची?

चार दिवसांच्या त्या चाचणीत आम्ही ड्रोनच्या टाकीत कीटकनाशकाचा एक थेंबही भरला नाही. भरले ते विहिरीचे पाणी आणि त्यात विरघळवलेला टारट्राझीन हा पिवळा खाद्यरंग, जो मिठाईत सर्रास वापरला जातो. जालना जिल्ह्यातील ज्या शेतकऱ्याच्या रानात आम्ही उतरलो होतो, त्या आबांना पहिल्या दिवशी ही गोष्ट पटत नव्हती. कपाशी शंभर दिवसांची झालेली, पाते आणि बोंडे भरात आलेली, त्यात गुलाबी बोंडअळीची धास्ती. अशा वेळी एवढे यंत्र आणून पाणीच उडवणार असाल तर आमच्या काय उपयोगाचे, असे त्यांनी सरळ विचारले. मी म्हटले, "आबा, आधी पाणी कुठं पडतं ते बघू द्या. उद्या औषधही तिथंच पडणार आहे."

मी कृषी अभियंता आहे आणि फवारणी यंत्रे तपासणे हे माझे काम आहे. पाठीवरचे पंप आणि ट्रॅक्टरवर चालणारे ब्लोअर मी अनेक वर्षे तपासत आले; हवेतून फवारणाऱ्या यंत्राची संपूर्ण चाचणी मात्र मी प्रथमच स्वतःच्या जबाबदारीवर घेत होते. परिसरातील एका शेतकरी उत्पादक कंपनीला सभासदांसाठी ड्रोन घ्यायचा होता. विक्रेत्याच्या माहितीपत्रकात दहा लिटरची टाकी, चार नोझल आणि एका फेरीत पाच मीटर रुंदीचा पट्टा, असे लिहिलेले होते. पैसे भरण्यापूर्वी हे पाच मीटर खरे आहेत का, एवढाच प्रश्न कंपनीच्या संचालकांनी माझ्यासमोर ठेवला होता. सप्टेंबरचा शेवटचा आठवडा होता, पाऊस उघडलेला होता आणि रानात पाय ठेवण्याइतका वाफसा आलेला होता.

परवानगीच्या बाबी फार वेळ खात नाहीत, पण त्या टाळताही येत नाहीत. २०२१ च्या ड्रोन नियमांनुसार दोन किलोपेक्षा जास्त आणि पंचवीस किलोपर्यंत वजनाचा ड्रोन 'लहान' गटात मोडतो. भरलेल्या टाकीसह आमचा ड्रोन या मर्यादेच्या जरासा आत होता. पायलटकडे मान्यताप्राप्त प्रशिक्षण संस्थेतून मिळालेले प्रमाणपत्र होते, आणि आबांचे रान 'डिजिटल स्काय' या सरकारी संकेतस्थळाच्या नकाशावर हिरव्या क्षेत्रात येत असल्याने चारशे फुटांपर्यंत उडवण्यास वेगळी परवानगी लागत नव्हती. आम्हाला तर दोन-तीन मीटरच्या वर जायचेच नव्हते.

उडवण्याआधीचा पूर्ण अर्धा दिवस आम्ही ड्रोन जमिनीवरच ठेवला. लोकांना हा भाग कंटाळवाणा वाटतो, परंतु माझ्या अनुभवात फवारणीतील निम्म्या चुका इथेच सापडतात. ड्रोन दोन विटांच्या थरांवर उचलून ठेवला, प्रत्येक नोझलखाली एक लिटरचे मापपात्र ठेवले, पंप चालू केला आणि बरोबर एका मिनिटाने बंद केला. तीन पात्रांत ४९०, ४८५ आणि ५०० मिलिलिटर पाणी जमले. चौथ्यात केवळ ४१० होते. सरासरीच्या दहा टक्क्यांहून अधिक फरक पडला की ते नोझल काढून पाहायचे, हा सर्व फवारणी यंत्रांचा साधा नियम आहे. ते काढले, तेव्हा आतल्या बोटाच्या पेराएवढ्या जाळीवर पांढरट चिकट थर बसलेला दिसला. यंत्र प्रात्यक्षिकांसाठी फिरवलेले होते आणि कुठे तरी पाण्यात मिसळणारी भुकटी नीट न विरघळवता त्यात ओतली गेली होती. जाळी जुन्या दातांच्या ब्रशने धुतली आणि नोझल परत बसवले, तेव्हा त्याच मिनिटाला ४९० मिलिलिटर पाणी आले. चारही नोझल मिळून मिनिटाला दोन लिटरला थोडे कमी, हा आकडा मी वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहिला, कारण पुढचे सगळे गणित त्यावरच उभे राहणार होते.

हेच मोजमाप बॅटरी पूर्ण भरलेली असताना, ती उतरत आलेली असताना आणि टाकीत शेवटचे अर्धा लिटर पाणी राहिलेले असतानाही केले. शेवटच्या अर्ध्या लिटरला टाकीतले पाणी डचमळून पंपात हवा जात होती आणि फवारा तुटत होता. पायलटने तेव्हाच ठरवले की टाकी पूर्ण रिकामी होईपर्यंत उडवायचे नाही, पाणी संपण्याची सूचना अर्ध्या लिटरच्या वरच बसवायची.

दुसऱ्या दिवसापासून कार्डे बाहेर काढली. ज्यांनी ती पाहिलेली नाहीत त्यांच्यासाठी सांगते: पाण्याला संवेदनशील असा हा कागद पोस्टाच्या मोठ्या तिकिटासारखा, साडेसात सेंटिमीटर लांब आणि अडीच सेंटिमीटर रुंद असतो. त्याचा रंग लख्ख पिवळा असतो आणि पाण्याचा थेंब पडला की तेवढीच जागा गडद निळी होते. थेंब पसरत असल्याने डाग मूळ थेंबाच्या सुमारे दुप्पट रुंद दिसतो, हे मोजताना ध्यानात ठेवावे लागते. बोटाचा घामही त्याला पुरतो, म्हणून हातमोजे घालूनच ते धरायचे. हवेतल्या ओलाव्याचे काय होते हे मात्र मला त्या सकाळी महागात शिकावे लागले. वारा कमी असतो म्हणून आम्ही सहा वाजताच मोकळ्या ढेकळाच्या रानात कार्डांची ओळ मांडली, आणि ड्रोन उचलण्याआधीच दवाने निम्मी कार्डे निळसर पडली. एकेक कार्ड महाग असते, आणि पन्नासच्या जवळपास कार्डे न उडताच वाया गेली. चूक माझी होती. आर्द्रतामापक पेटीतच होता आणि मी तो पाहिला नव्हता. त्यानंतर दव उठल्याशिवाय आणि आर्द्रता उतरल्याशिवाय पेटी उघडायची नाही, असे ठरवले.

पट्ट्याची चाचणी समजायला सोपी आहे, पण करताना शिस्त लागते. ड्रोन वाऱ्याच्या तोंडावर सरळ उडवायचा आणि कार्डांची ओळ त्याच्या मार्गाला काटकोनात मांडायची, म्हणजे वाऱ्याने फवारा एका बाजूला ढकलला जात नाही. आम्ही बारा मीटर लांब सुतळी ताणली, तिच्यावर पाव-पाव मीटरवर खुणा केल्या आणि लाकडी ठोकळ्यांवर एकोणपन्नास कार्डे लावली. ड्रोनला ठरलेली गती पकडायला अंतर लागते, म्हणून ओळीच्या तीस मीटर आधीच फवारा सुरू करायचा आणि ओळ ओलांडून तीस मीटर पुढे गेल्यावरच बंद करायचा. प्रत्येक उंची आणि प्रत्येक गतीला तीन फेऱ्या. प्रत्येक फेरीनंतर कार्डे सुकू द्यायची, मागे क्रमांक लिहायचा आणि हवाबंद पिशवीत ठेवायची. आबांच्या दोन नाती शाळेतून आल्यावर हातमोजे मागून घेऊन या कामाला बसल्या आणि त्यांचे क्रमांक माझ्यापेक्षा नीटनेटके होते.

कार्डांच्या वर दोन मीटर उंची आणि सेकंदाला चार मीटर गती, या नेहमीच्या मांडणीतली कार्डे रात्री आबांच्या ओसरीवर ओळीने मांडली, तेव्हा स्कॅनरची वाट पाहण्याचीही गरज नव्हती. मधली आठ-नऊ कार्डे गच्च निळी होती, त्यांच्या दोन्ही बाजूंना निळ्याची दाटी झपाट्याने कमी होत होती, आणि अडीच मीटरवरच्या कार्डांवर सुटे ठिपके होते. पाच मीटर रुंदीपर्यंत ठिपके पोहोचत होते, हे खरे. माहितीपत्रकाने खोटे सांगितले नव्हते, पण ठिपके जिथवर पोहोचतात ती रुंदी आणि कामाची रुंदी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शेजारच्या फेरीच्या कडा एकमेकींवर येऊन जिथे कमतरता भरून निघते, तेवढ्याच अंतरावर फेऱ्या घेतल्या तर सगळीकडे औषध सारखे पडते. स्कॅन केलेल्या कार्डांचे आकडे संगणकावर एकमेकांवर सरकवत गेलो, तेव्हा पाच मीटर अंतरावर फेऱ्या घेतल्यास दोन पट्ट्यांच्या मध्ये जवळजवळ उपाशी राहिलेली ओळ दिसत होती. सव्वातीन मीटरवर आल्यावर चढउतार मान्य करण्याजोगे झाले.

या फरकाचा शेतकऱ्याच्या दृष्टीने अर्थ काय, हे मी दुसऱ्या दिवशी संचालकांना हिशेबाने दाखवले. सेकंदाला चार मीटर म्हणजे मिनिटाला दोनशे चाळीस मीटर. पट्टा पाच मीटर धरला तर एका एकराला साडेतीन मिनिटेही लागत नाहीत आणि साडेसहा लिटरच्या आसपास पाणी पडते. पट्टा सव्वातीन मीटर धरला तर एकराला पाच मिनिटांहून थोडा अधिक वेळ लागतो आणि दहा लिटर पाणी पडते. म्हणजे एका एकराचे औषध दहा लिटर टाकीत कालवून जो पाच मीटरच्या हिशेबाने उडेल, त्याची टाकी एकर संपल्यावरही एक तृतीयांश भरलेली राहील, आणि जे पडले तेही पट्ट्यापट्ट्याने कमी-जास्त पडलेले असेल. अशा कमी मात्रेत वाचलेल्या किडीच पुढे औषधाला दाद देईनाशा होतात. दिवसाला किती एकर होतील आणि भाडे किती सुटेल, हे संचालकांचे गणित त्या एका आकड्याने बदलले. त्यांना ते आवडले नाही, पण त्यांनी ते मान्य केले.

हवेतून औषध टाकण्याचा पहिला यशस्वी प्रयोग ३ ऑगस्ट १९२१ रोजी अमेरिकेत ओहायो राज्यातील ट्रॉय गावाजवळ झाला. लष्कराच्या एका कर्टिस जेनी विमानाला बाजूने पेटी बसवून कटाल्पा झाडांच्या राईवर शिसे आणि आर्सेनिकयुक्त भुकटी उडवली गेली आणि पाने खाणाऱ्या अळ्या पटापट गळून पडल्या. त्या काळी यशाचे माप मेलेल्या अळ्या हेच होते. शंभर वर्षांनंतरही पुष्कळ ठिकाणी तेच एक माप वापरले जाते, आणि माझे तिसऱ्या दिवशीचे काम त्या मापाच्या पलीकडचे होते.

मोकळ्या रानातली कार्डे पीक नसताना पट्टा कसा पडतो ते सांगतात. कपाशीत काय होते ते सांगत नाहीत. त्यासाठी आम्ही उभ्या पिकात शिरलो. एकेका झाडाच्या शेंड्याच्या, मधल्या आणि खालच्या पानांना वरून आणि खालून अशी दोन्ही बाजूंनी कार्डे टाचली. पानाच्या पाठीला कार्ड टाचायला गुडघ्यावर बसावे लागते, आणि तिथे बसल्यावरच कळते की पांढरी माशी आणि तुडतुडे ही सगळी मंडळी तिथे, सावलीत, पानाच्या पाठीला राहतात. फेरीनंतरचे चित्र स्पष्ट होते. शेंड्याच्या पानांची वरची बाजू भरलेली होती, मधल्या पानांवर त्याच्या निम्म्याहून कमी ठिपके होते, तळाच्या पानांवर मोजके होते, आणि पाठीच्या कार्डांवर जवळजवळ काहीच नव्हते. पंख्यांच्या झोताने जिथे पान उलटले होते, त्या दोन-तीन कार्डांवर तेवढा निळा शिडकावा होता.

मग गती बदलून पाहिली. ड्रोन सेकंदाला पाच मीटरने नेला तर पंख्यांचा झोत सरळ खाली न जाता मागे वाकतो आणि बारीक थेंब पिकावर तरंगत राहतात. मधली कार्डे आणखी रिकामी आली. तीन मीटरवर आणल्यावर झोत झाडात घुसला, फांद्या दोन्ही बाजूंना हलल्या आणि मधल्या पानांवरचे ठिपके डोळ्यांना दिसतील इतके वाढले. पाठीच्या बाजूला तरीही फारसा फरक पडला नाही. म्हणून अहवालात मी लिहिले की स्पर्शाने मारणारे औषध पानाच्या पाठीवरच्या किडीसाठी या यंत्राने फवारून अपेक्षित परिणाम मिळणार नाही. तिथे आंतरप्रवाही, म्हणजे झाडाच्या रसातून पसरणारे औषध, किंवा मग पाठीवरचा पंप घेऊन खालून वर फवारणेच योग्य ठरेल. ड्रोन विकणाऱ्याला हे वाक्य नको असते. पण ज्याच्या कपाशीवर पांढरी माशी असते, त्याला हे एकच वाक्य हवे असते.

चाचणीच्या मूळ आराखड्यात नसलेली दोन ठिकाणे त्या दिवशी आम्ही कार्डांसाठी निवडली. पहिले ठिकाण माणसाचे अंग. टाकी भरणाऱ्या मुलाच्या अंगरख्यावर छाती, दोन्ही मनगटे आणि गुडघे इथे कार्डे चिकटवली आणि त्याला नेहमीसारखे काम करायला सांगितले. ड्रोन उडत असताना तो तीस मीटर दूर, वाऱ्याच्या वरच्या अंगाला उभा होता. त्या वेळात कार्डे स्वच्छ राहिली. पण तिसऱ्या भरणीला टाकीचे झाकण लावताना पाणी उसळले आणि उजव्या मनगटाचे कार्ड पूर्ण निळे झाले. साध्या पाण्याचा तो एक शिंतोडा होता. प्रत्यक्षात मात्र एका एकराला पाठीवरच्या पंपाने जे औषध दीडशे-दोनशे लिटर पाण्यातून जाते, तेच ड्रोनमध्ये दहा लिटरमध्ये कालवलेले असते, म्हणजे तो शिंतोडा पंधरा ते वीस पट तीव्र असतो. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. डोक्याइतक्या उंच वाढलेल्या कपाशीत पाठीवर पंप घेऊन चालणाऱ्या माणसाच्या अंगावर काय पडते, याची कार्डे त्यांच्यापैकी कुणाच्या अंगावर कधी कुणी लावली होती? ड्रोनने माणूस पिकातून बाहेर काढला, हा त्याचा खरा आणि मोठा फायदा आहे आणि मी तो मनापासून मानते. धोका आता टाकीच्या तोंडाशी येऊन थांबला आहे. लांब रबरी हातमोजे, चेहऱ्यावर पारदर्शक ढाल आणि टाकी भरायला नळीचे बंद जोड, या तीन गोष्टी मी यंत्राच्या किमतीतच धरायला सांगितल्या.

दुसरे ठिकाण आबांच्या पूर्वेकडच्या बांधापलीकडचे. तिथे शेजाऱ्यांची दीड एकर तुती होती आणि बांधालगतच रेशीम किड्यांचे संगोपनगृह. जालन्याच्या आसपास कपाशी आणि तुती अशी एकमेकांना खेटून आता पुष्कळ ठिकाणी दिसते. ते शेजारचे काका दोन दिवस बांधावर उभे राहून आमचे काम पाहत होते. तिसऱ्या दिवशी ते जवळ आले आणि म्हणाले, "ताई, तुमचे कागद सगळे आबाच्या रानात आहेत. माझ्या तुतीत एक तरी लावा की." आदल्या वर्षी बांधाच्या दुसऱ्या अंगाने कुणी तरी कपाशी फवारली आणि तुतीचा पाला खाऊन त्यांची चौथी कात टाकून उठलेली, कोष करायला आठवडाभर राहिलेली बॅच दोन दिवसांत गेली होती. अळ्यांनी तोंडातून हिरवे पाणी टाकले आणि माना टाकल्या, एवढेच ते बोलले.

मला त्यांचे म्हणणे फार लागले, कारण ते बरोबर होते. चाचणी आपण विचारलेल्या प्रश्नाचेच उत्तर देते, आणि कार्डे जिथे ठेवली नाहीत तिथला प्रश्न आपण विचारलेलाच नसतो. व्हिएतनाममध्ये १९६२ ते १९७१ या काळात अमेरिकेच्या विमानांनी जंगलांवर आणि पिकांवर तणनाशके फवारली, तेव्हा त्या विमानांवरील फवारणी यंत्रणा फ्लोरिडातील एग्लिन हवाईतळावर काळजीपूर्वक तपासल्या गेल्या होत्या. जमिनीवर किती औषध पडते, थेंब किती मोठे असतात, हे सगळे मोजले गेले. त्याखाली राहणाऱ्या माणसांचे काय होईल, हे त्या मोजमापात नव्हते. आपल्याकडे केरळमधील कासरगोडच्या टेकड्यांवर काजूच्या बागांत सत्तरच्या दशकाच्या अखेरीपासून २००० पर्यंत हेलिकॉप्टरने एंडोसल्फान फवारले गेले. खाली घरे, विहिरी आणि ओढे होते. तिथल्या लोकांच्या दीर्घ लढ्यानंतर मे २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या औषधावर देशभर बंदी घातली. मी हे आठवते ते कुणाला दोष देण्यासाठी नव्हे. दहा लिटरचा ड्रोन आणि हेलिकॉप्टर यांत मोठे अंतर आहे, हे मला ठाऊक आहे. पण बांधापलीकडे उभ्या असलेल्या माणसाचा प्रश्न दोन्हीकडे तोच आहे.

तुतीसाठी आम्ही टाकी तीनदा धुतली आणि रंगही न घालता निव्वळ त्याच विहिरीचे पाणी भरले. बांधापासून पाच, दहा, वीस, तीस आणि पन्नास मीटरवर तुतीच्या शेंड्याच्या पानांच्या उंचीवर काठ्या रोवून कार्डे लावली. वारा पश्चिमेकडून सेकंदाला अडीच मीटर होता. आबांच्या कपाशीतली बांधालगतची फेरी घेतल्यावर दहा मीटरपर्यंतची कार्डे उघड ठिपक्यांनी भरली होती, वीस मीटरवर भिंगातून मोजता येतील इतके ठिपके होते आणि पुढची पिवळीच राहिली. काकांनी ती पिवळी कार्डे पाहून सुटकेचा श्वास टाकला, पण मला त्यांना थांबवावे लागले. साधारण पन्नास मायक्रॉनहून (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) लहान थेंबाचा डाग या कागदावर उमटत नाही, आणि दूर जाणारे थेंब नेमके तेच असतात. पिवळे कार्ड म्हणजे काहीच आले नाही, असे म्हणता येत नाही.

त्यासाठी रंग आणि दोरा लागतो. ओढ्याच्या बाजूच्या पडीक रानात आम्ही बांबू उभे करून जमिनीपासून पाच मीटर उंचीपर्यंत नायलॉनचे दोरे ताणले, खाली काचेच्या बशा ठेवल्या आणि रंगीत पाणी उडवले. दोरे आणि बशा मोजक्या पाण्यात धुऊन ते पाणी प्रयोगशाळेत वर्णमापकाखाली, सुमारे ४२७ नॅनोमीटर तरंगलांबीवर वाचले, की डोळ्यांना न दिसणारा रंगही आकड्यात येतो.

चौथ्या दिवशीची पहाट मला स्पष्ट आठवते. दव फारसे नव्हते, पान हलत नव्हते. आबा चहाचा पेला घेऊन आले आणि म्हणाले, "ताई, वारा सगळा पडलाय बघा. आता उडवा, एक थेंब इकडचा तिकडं जायचा नाही." गावोगावी हीच समजूत असते आणि ती स्वाभाविक आहे. मी त्यांना म्हटले की आधी थोडी पऱ्हाटी पेटवू. चुलीच्या सरपणातल्या चार काड्या ओल्या पाल्यात पेटवल्या. धूर सरळ वर गेला, बांधावरच्या कडुलिंबाच्या निम्म्या उंचीला पोहोचला आणि तिथे जणू छत लागल्यासारखा थांबला. मग तो आडवा पसरत, चादरीसारखा एकसंध, उताराने ओढ्याकडे सरकू लागला. रात्रीत जमीन गार झाली की तिच्यालगतची हवा थंड आणि जड होते, वर उबदार हवा असते, आणि मधला धूर किंवा फवाऱ्याचे बारीक थेंब वर जाऊन विरळ होत नाहीत; ते तसेच एकत्र राहून हळूहळू वाहत जातात. आबांनी पेला खाली ठेवला आणि बराच वेळ त्या धुराकडे पाहत राहिले.

त्या अवस्थेत आम्ही मुद्दाम एकच फेरी पडीक रानावर घेतली आणि पुढची फेरी सव्वाआठला, ऊन तापून धूर वर विरायला लागल्यावर, सेकंदाला दोन मीटर वारा असताना घेतली. प्रयोगशाळेचे आकडे दहा दिवसांनी आले. पन्नास मीटरवरच्या उंच दोऱ्यावर पहाटेच्या निवांत हवेतला रंग सव्वाआठच्या वाऱ्यातल्या रंगापेक्षा ठळकपणे अधिक होता. माझ्या संपूर्ण अहवालातला सर्वांत महत्त्वाचा आकडा मी हाच मानते, आणि संचालकांनी तो मागितलेलाच नव्हता.

अहवालात पट्टा सव्वातीन मीटर, गती सेकंदाला तीन ते चार मीटर, उंची पिकावर दोन मीटर, असे लिहिले. नोझल बदलून जाड थेंबांचे बसवावेत आणि बारीक थेंबांच्या मोहात पडू नये, हेही लिहिले, कारण जाड थेंबाने पान थोडे कमी झाकले तरी तो आपल्याच रानात पडतो. तुतीच्या किंवा घराच्या बाजूचे पन्नास मीटर ड्रोनने फवारायचे नाहीत, तिथे नोझल खाली धरून हातपंप वापरायचा. वारा तुतीकडे वाहत असेल तर त्या दिवशी त्या रानात ड्रोन उचलायचाच नाही. आणि रोज पहिल्या उड्डाणाआधी धूर करून पाहायचा. पन्नास मीटर कपाशी हाताने फवारायची म्हणजे मजुरी आली, यावर बैठकीत तासभर चर्चा झाली. शेवटी आबा उठून बोलले की काकांची एक बॅच गेली तर त्यापुढे ही मजुरी काहीच नाही, आणि ठराव झाला. कंपनीने तोच ड्रोन घेतला, विक्रेत्याकडून जाड थेंबांचे नोझल आणि बंद जोडांची नळी घेऊनच.

निघताना काकांनी उरलेली कार्डे मागितली. माझ्याकडे वीस होती. ओलावा शोषणाऱ्या पुडीसह ती हवाबंद पिशवीत घालून मी त्यांच्या हाती दिली आणि दाखवले की कार्ड कडेने धरायचे, दव उठल्यावर लावायचे, पावसाळी हवेत लावायचे नाही, मागे तारीख, वेळ आणि वाऱ्याची दिशा लिहायची, आणि ते स्वच्छ राहिले तरी शेजारी फवारणी झालेल्या दिवशीचा बांधालगतचा पाला किड्यांना घालायचा नाही. त्यांनी एक कार्ड तिथेच काढले, हातमोजा नसल्याने धोतराच्या सोग्यात धरले, आणि ते कुठे लावायचे हे ठरवत बांधाच्या कडेने चालत गेले.